भात्याचा इतिहास: नळ्यांच्या ऑर्गनपासून वऱ्हाडातील पेटीपर्यंत

ऑर्गन या वाद्याचा इतिहास बहुधा त्याच्या नळ्यांच्या संख्येवरून, कोरीव लाकडी दर्शनी भागावरून किंवा त्यावर बोटे फिरवणाऱ्या वादकांच्या नावांवरून सांगितला जातो. परंतु हे वाद्य मुळात वाऱ्यावर चालणारे यंत्र असल्यामुळे, तो वारा कोणी, कोणत्या साधनाने आणि किती समतोल दाबाने पुरवला या प्रश्नाचे उत्तर शोधले, तर त्या इतिहासाची वेगळी बाजू समोर येते. युरोपातील मोठ्या चर्चमध्ये ज्या यंत्राला वारा देण्यासाठी माणसांची टोळी, पुढे वाफेचे इंजिन आणि शेवटी विजेची मोटार लागली, त्याच यंत्राच्या कुळातले एक वाद्य आज वाशीम, रिसोड, मंगरूळपीर किंवा कारंजा येथील भजनी मंडळात मांडी घालून बसलेला एक माणूस डाव्या हाताने भाता मारून आणि उजव्या हाताने पट्ट्या दाबून वाजवतो. हे अंतर कसे कापले गेले, त्यात काय मिळाले व काय सुटले, आणि दोन्ही टोकांची जुनी वाद्ये पुन्हा बोलती करताना कारागिरांपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, यांचा विचार येथे केला आहे.

नळ्यांच्या ऑर्गनची रचना तत्त्वतः सोपी आहे. भात्यांनी गोळा केलेला वारा प्रथम एका साठवण-भात्यात जातो, ज्याच्या वरच्या फळीवर वजने ठेवलेली असतात. तेथून तो लाकडी वाहिन्यांतून वायुपेटीत, म्हणजे ज्या बंद पेटीवर नळ्यांच्या रांगा उभ्या असतात तिच्यात, पोहोचतो. वादकाने पट्टी दाबली की तिच्याशी जोडलेली झडप उघडते आणि खटका ओढून मोकळ्या केलेल्या रांगेतील त्या स्वराची नळी वाजू लागते. बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर चालतात, म्हणजे नळीच्या ओठावर वारा आपटून आतील हवेचा स्तंभ कंप पावतो. काही नळ्यांच्या बुडाशी मात्र पितळी जीभ असते आणि स्वर त्या जिभेच्या कंपनातून निघतो. वाऱ्याचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात आणि तो अनेक जुन्या ऑर्गनांत सुमारे ७५ ते १०० मिलिमीटर इतकाच असतो. दाब थोडा असला तरी तो ढळून चालत नाही, कारण ओठाच्या नळीचा स्वर दाब वाढला की चढतो आणि दाब कमी झाला की उतरतो. मोठा स्वरसमूह वाजताना एकाच वेळी शेकडो नळ्या वारा ओढतात. अशा वेळीही दाब स्थिर ठेवणे हाच ऑर्गन बांधणाऱ्यांपुढचा दोन हजार वर्षांचा मुख्य प्रश्न होता.

या प्रश्नाचे पहिले ज्ञात उत्तर इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील टेसिबियस या यंत्रकाराने दिले. त्याच्या जल-ऑर्गनमध्ये वारा पंपाने भरला जाई, पण त्याचा दाब राखण्याचे काम पाणी करी: उलट्या ठेवलेल्या घंटेच्या आकाराच्या भांड्यात वारा शिरला की आतले पाणी बाहेरच्या हौदात ढकलले जाई आणि त्या चढलेल्या पाण्याच्या भाराने वाऱ्यावर सतत सारखा दाब पडे. रोमन जगात हे वाद्य रंगणांत आणि समारंभांत वाजत असे. हंगेरीतील बुडापेस्ट येथे, जुन्या अक्विंकम नगराच्या जागी, १९३१ मध्ये तिसऱ्या शतकातील एका छोट्या ऑर्गनचे अवशेष सापडले. पश्चिम युरोपात हे वाद्य नव्याने पोहोचले ते ७५७ मध्ये, जेव्हा बायझंटाइन सम्राटाने फ्रँक राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला. मध्ययुगात पाण्याची युक्ती मागे पडून चामड्याचे भाते पुढे आले आणि त्यांच्याबरोबर माणसांची गरजही वाढली. इंग्लंडमधील विंचेस्टर येथील दहाव्या शतकाच्या अखेरच्या ऑर्गनचे वर्णन करणाऱ्या वुल्फस्टन या भिक्षूने २६ भाते आणि ते चालवणारी ७० माणसे सांगितली आहेत. हा आकडा कवीच्या अतिशयोक्तीचा असू शकेल, पण वाऱ्याचे काम किती अवजड वाटत होते याची ती साक्ष आहे. जर्मनीतील हाल्बरश्टाट येथील १३६१ च्या ऑर्गनला २० भाते होते व ते दाबण्यासाठी १० माणसे लागत, असे जर्मन संगीतलेखक प्रेटोरियसने सतराव्या शतकाच्या आरंभी नोंदवून ठेवले.

भाते तुडवणाऱ्या या माणसांना चर्चच्या हिशेबात मजुरी होती, पण वाद्याच्या कीर्तीत वाटा नव्हता. ते वाद्यामागच्या खोलीत पाचरीच्या आकाराच्या भात्यांच्या दांड्यांवर एकामागून एक उभे राहत आणि आपल्या अंगाच्या वजनाने भाता उचलून धरत, मग तो वरच्या भाराने हळूहळू बसताना वारा वाद्यात जाई. एक भाता पूर्ण बसण्याआधी दुसरा तयार ठेवणे हे त्यांचे कौशल्य होते, कारण दोन भात्यांच्या सांध्यावर दाब हलला तर तो श्रोत्यांच्या कानाला लागे. योहान सेबास्टियान बाख नवा ऑर्गन तपासायला बसला की आधी सर्व खटके ओढून पूर्ण भरणा वाजवी आणि वाद्याची फुप्फुसे कशी आहेत ते पाही, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. मोठ्या वाद्याच्या वादकाला दोन्ही हात आणि दोन्ही पाय संगीतासाठी मोकळे मिळत होते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगमेहनतीच्या बळावर, ही गोष्ट या ठिकाणी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी समांतर उघडणारा साठवण-भाता प्रचारात आला आणि वारा भरण्याचे काम व त्याचा दाब राखण्याचे काम वेगळे झाले. त्यामुळे भरणाऱ्याच्या हाताची अनियमितता वाद्यापर्यंत पोहोचेनाशी झाली आणि माणसाच्या जागी यंत्र बसवण्याची वाट मोकळी झाली. एकोणिसाव्या शतकात ऑर्गन इतके वाढले की पट्टी दाबणेच बोटांच्या शक्तीबाहेर गेले; तेव्हा चार्ल्स बार्कर याने वाऱ्याच्याच जोरावर झडप उघडणारा छोटा भाता योजला आणि आरिस्तिद काव्हाये-कोल याने तो पॅरिसजवळील सँ-दनी येथील १८४१ च्या ऑर्गनमध्ये वापरला. वारा आता आवाजासाठी आणि यंत्रणेसाठी असा दुहेरी खर्च होऊ लागला. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्ज सभागृहात हेन्री विलिस याने १८५५ मध्ये बसवलेल्या ऑर्गनला आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट सभागृहात त्यानेच १८७१ मध्ये बांधलेल्या १११ खटक्यांच्या ऑर्गनला वाफेच्या इंजिनांनी वारा दिला. ज्या शहरांत नळाचे पाणी दाबाने येत होते तेथे जलयंत्रे बसली. ती स्वस्त व शांत होती, पण पाण्याच्या दाबावर अवलंबून होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विजेच्या मोटारीवर फिरणारा पंखा आला आणि भाते तुडवणाऱ्यांचा व्यवसाय काही वर्षांतच संपला.

भारतात हे वाद्य प्रथम समुद्रमार्गे, गोव्यातून आले. अकबराने १५७५ मध्ये हाजी हबीबुल्ला याला कारागिरांसह गोव्यास पाठवले होते. त्याने आणलेला ऑर्गन १५८० च्या सुमारास फत्तेपूर सिक्रीच्या दरबारात दाखवण्यात आला. इतिहासकार बदायुनीने केलेल्या वर्णनात माणसाएवढी मोठी पेटी, तिच्यात बसून वाजवणारा फिरंगी आणि बाहेर मोरपंखांच्या साधनावर हात चालवणारी आणखी दोन माणसे आहेत. बदायुनीला ते काय करत आहेत हे नीट उमगले नसावे, पण ते दोघे भातेवालेच असले पाहिजेत, म्हणजे भारतातील ऑर्गनच्या या सुरुवातीच्या वर्णनातच वारा देणाऱ्यांची नोंद आली आहे. दोन शतकांनंतर म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या लाकडी वाघाच्या पोटात छोटा नळ्यांचा ऑर्गन बसवला गेला, ज्याचे भाते हाताने फिरवायच्या दांड्यावर चालत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तो लंडनला नेला गेला, दुसऱ्या महायुद्धात तो मोडला आणि नंतर दुरुस्त करून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवला गेला. गोव्याच्या चर्चमध्ये व त्यांच्याशी जोडलेल्या शाळांत पट्ट्यांच्या वाद्यांचे शिक्षण रुजले आणि पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांना व चित्रपटसंगीताला गोव्याने जे वादक दिले त्यांच्या तयारीमागे ही परंपरा होती.

ब्रिटिश अमलात मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या जुन्या व होली नेम कॅथीड्रलसारख्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चर्चमध्ये नळ्यांचे ऑर्गन आले, पण ते बंदरे, राजधान्या, लष्करी छावण्या आणि थंड हवेची ठिकाणे यांच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. त्याचे एक कारण खर्च हे होतेच. दुसरे कारण हवामानाचे होते आणि ते वऱ्हाडाच्या बाबतीत विशेष लागू पडते. ओठाच्या नळीचा स्वर आतील हवेत ध्वनी किती वेगाने जातो यावर ठरतो, आणि तो वेग तापमानाबरोबर वाढतो; एका अंश सेल्सिअसला स्वर सुमारे ०.१७ टक्के चढतो. हिवाळ्यात २५ अंशांवर जुळवलेला ऑर्गन मे महिन्यात ४२ अंशांवर वाजवला, तर त्याचा स्वर जवळजवळ ३ टक्के, म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे निम्मा, चढलेला असेल. सगळ्या नळ्या सारख्याच चढल्या असत्या तर गायकांनी जमवून घेतले असते. परंतु जिभेच्या नळ्या तितक्या चढत नाहीत, त्यामुळे वाद्य आपल्या आपल्यातच बेसूर होते. याशिवाय उन्हाळ्यात आकसून पावसाळ्यात फुगणारे लाकूड, कडक होऊन तडकणारे चामडे, वाळवी आणि उंदीर यांच्याशी झुंज द्यायला जवळपास कोणी जाणकार कारागीर नसे. वाशीमसारख्या गावी, जेथे उन्हाळा कोरडा व प्रखर असतो, नळ्यांचा ऑर्गन बसवणे हे व्यवहारात जवळजवळ अशक्य होते.

वऱ्हाडात जे पोहोचले ते या वाद्याचे दुसरे रूप होते, ज्यात नळ्याच नव्हत्या. मुक्त पितळी पट्टी, म्हणजे चौकटीच्या खाचेत एका टोकाला पक्की केलेली आणि वारा गेला की आरपार हलणारी पातळ जीभ, स्वतःच्या लांबीने व वजनाने स्वर ठरवते. हे तत्त्व चीनच्या शेंग या वाद्यात फार पूर्वीपासून होते. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे प्रयोग सुरू झाले आणि पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी पेटंट घेतलेल्या वाद्याला हार्मोनियम हे नाव दिले. मुक्त जिभेचा मोठा गुण असा की, दाब कमीजास्त झाल्यास तिचा आवाज लहानमोठा होतो, पण स्वर फारच थोडा हलतो. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये समतोल वारा ही स्वराची अट होती. येथे ती अट सुटली आणि तिच्याबरोबर अवजड साठवण, वजने, वाहिन्या आणि भातेवाल्यांची टोळी या सगळ्यांची गरजही संपली. तापमानाचा परिणामही तुलनेने नगण्य झाला. वाऱ्याची ढळती धार, जी मोठ्या ऑर्गनमध्ये दोष होती, ती येथे अभिव्यक्तीचे साधन झाली, कारण पायाचा किंवा हाताचा दाब बदलून वादक स्वर फुलवू व मिटवू शकत होता.

या वाद्याच्या दोन जाती झाल्या. युरोपीय हार्मोनियममध्ये भाता वारा बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये पायांच्या फळ्या पेटीतील हवा शोषून काढतात आणि बाहेरची हवा जिभांमधून आत येते, त्यामुळे त्याचा आवाज अधिक मऊ व गोल होतो. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथील एस्टी या एकाच कारखान्याने १९६० मध्ये बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले, यावरून या वाद्याचा प्रसार किती होता हे कळते. मिशनऱ्यांनी घडी घालून पेटाऱ्यात मावणारे छोटे पाय-ऑर्गन खेड्यांपर्यंत नेले. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर परिसरात, आणि विशेषतः नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग व भजन आणल्यावर, मराठी चाल आणि परदेशी पट्ट्यांचे वाद्य यांची सांगड उपासनेतच घातली गेली.

कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये काढलेल्या द्वारकिन या पेढीच्या नावाशी हातपेटीचा जन्म जोडला जातो. १८८० च्या दशकात पायांच्या फळ्या काढून भाता पेटीच्या पाठीमागे बसवला गेला, उंची कमी झाली, वादक जमिनीवर बसू लागला आणि सतत वाजणाऱ्या आधारस्वरांसाठी खटके आले. या बदलाची किंमत वादकाच्या शरीराने दिली: मोठ्या ऑर्गनमध्ये चार अवयव संगीतासाठी मोकळे होते, पाय-ऑर्गनमध्ये दोन पाय वाऱ्याला लागले, आणि हातपेटीत एक पूर्ण हात वाऱ्याच्या कामी गेला. स्वरसमूहांवर उभ्या असलेल्या पाश्चात्त्य संगीतात ही मोठीच उणीव ठरली असती. परंतु एका वेळी एकच स्वररेषा चालवणाऱ्या आणि गायकाच्या मागून जाणाऱ्या भारतीय साथीत उजवा हात पुरेसा होता, आणि डाव्या हाताला श्वासासारखे काम करण्याची मोकळीक मिळाली. म्हणूनच पेटीच्या वादकाची पारख तिच्या भात्यावरूनही होते. धक्का न देता, स्वराच्या गरजेइतकाच वारा देणाऱ्या हाताला जाणकार दाद देतात.

वऱ्हाडात ही पेटी घराघरांत पोहोचवण्याचे काम कीर्तन, भजन आणि नाटक या तिघांनी केले. बाशीम, म्हणजे वाशीम, हा ब्रिटिश वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात गेला, आणि आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. वाशीमचे बालाजी मंदिर, नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले कारंजा, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि बंजारा समाजाचे पोहरादेवी अशा श्रद्धास्थानांमुळे येथे सामुदायिक गायनाला बारमाही निमित्त आहे, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) प्रभावाने वऱ्हाडातील गावोगावी रुजलेल्या सामुदायिक प्रार्थनेने व खंजिरी भजनाने त्याला आधुनिक काळात नवा जोर दिला. बैलगाडीत मावणारी, वीज नसलेल्या गावातही वाजणारी आणि बिघडली तर मिस्त्रीकडून दुरुस्त होणारी पेटी या जीवनक्रमात सहज बसली; नळ्यांचा ऑर्गन यांपैकी एकाही कसोटीला उतरला नसता.

पाय-ऑर्गनला महाराष्ट्रात खरे घर मिळाले ते संगीत रंगभूमीवर. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आल्यानंतर नाट्यगीताला साथीच्या वाद्याची गरज वाढत गेली आणि पेटीने तेथे जागा मिळवली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला साथीच्या पलीकडे स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली आणि १९११ च्या ‘मानापमान’च्या चालीही बांधल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून काढलेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे ऑर्गनचा स्वर सारंगी व तबला यांच्याबरोबरीने ओळखीचा झाला. हरिभाऊ देशपांडे हे बालगंधर्वांचे ऑर्गनवादक म्हणून स्मरणात आहेत, तर तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते. ऑर्गनची निवड केवळ श्रीमंती थाटासाठी नव्हती. पाय वारा पुरवत असल्याने दोन्ही हात मोकळे राहत, डावा हात खर्जाचा आधार धरून ठेवी आणि उजवा गायकाच्या तानेमागे जाई. शिवाय शोषणाच्या तत्त्वामुळे मिळणारा गोल आवाज ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात गायकाच्या आवाजावर न चढता त्याच्याभोवती पसरे. वादकाने पावलांनी अखंड वारा दिल्याने दोन ओळींमधली जागा भरून निघे, आणि गायकाला श्वास घ्यायला मिळे.

या वाद्याच्या प्रवासावर वाहतुकीची मर्यादा होती. मुंबईहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरामार्गे नागपूरला जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली आणि कापसाच्या पैशाने भरभराटलेली वऱ्हाडातील शहरे नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांच्या टप्प्यात आली. कारंज्याला विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गाची गाडी मिळाली. वाशीम मात्र त्यानंतर कित्येक दशके रेल्वेपासून दूर राहिले. जेथे आगगाडी थांबे तेथे ऑर्गन उतरू शके, जेथे कच्चा रस्ता होता तेथे हातपेटीच शहाणपणाची होती. वाद्यांचा प्रसार कलेच्या आवडीइतकाच रुळांच्या आखणीवरही ठरतो, याचे हे उदाहरण आहे. बोलपट १९३१–३२ मध्ये आल्यावर मोठ्या नाटक मंडळ्या एकेक करून बसल्या आणि त्यांचे ऑर्गन वादकांकडे, हौशी मंडळांकडे व शाळांकडे विखुरले गेले. पुढे गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) यांच्यासारख्या वादकांनी पेटी व ऑर्गन दोन्हींवर ही परंपरा पुनरुज्जीवित संगीत नाटकांपर्यंत चालू ठेवली.

पेटीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या ठरीव स्वरांविषयी होता, कारण तिची पाश्चात्त्य सम-अंतराची मांडणी रागांच्या सूक्ष्म श्रुतींना पुरी पडत नाही आणि दोन स्वरांमधली मींड तिच्यावर काढता येत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी मिळून २२ श्रुतींची पेटी तयार करवली, जी लंडनमध्ये बनून १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, पण ती वादग्रस्तच राहिली. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा ही बंदी लागूच होती. म्हणजे वऱ्हाडातल्या ज्या गावात रोज संध्याकाळी पेटीवर भजन होत होते, त्याच गावाच्या रेडिओवर ती दोन दशकांहून अधिक काळ ऐकू आली नाही. बंदीने गावातल्या पेटीचे काही बिघडले नाही, पण या वाद्याचे जतन करण्याजोगे काही आहे ही जाणीव संस्थांमध्ये उशिरा आली.

जतनाचा प्रश्न युरोपात फार पूर्वी उभा राहिला. ऑर्गन झिजतो तो प्रामुख्याने वाऱ्याच्या मार्गात: भात्यांच्या घड्यांचे चामडे कोरडे पडते, वायुपेटीच्या फळ्या तडकतात, झडपांची गादी कडक होते आणि वारा गळू लागतो. रॉयल अल्बर्ट सभागृहाचा ऑर्गन अशा गळतीने जर्जर झाला होता. २००२ ते २००४ या काळात मॅन्डर या पेढीने त्याची दुरुस्ती केली आणि आज त्यात ९,९९९ नळ्या आहेत. पॅरिसच्या नोत्र-दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा सुमारे ८,००० नळ्यांचा मुख्य ऑर्गन जळाला नाही, पण वितळलेल्या छताच्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली. तो पूर्ण उतरवून, नळी न नळी साफ करून परत बसवला गेला, आणि प्रत्येक नळीचा आवाज जागेवर बेतण्याचे काम बांधकामाचा गोंगाट थांबल्यावर, रात्री, कित्येक महिने चालले. अशा कामात कारागिराला ठरवावे लागते की वाद्याचे कोणते रूप परत आणायचे: मूळ बांधणीचे, की शतकभर झालेल्या बदलांसह शेवटचे. वाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड असतो, कारण विजेचा पंखा दाब सपाट करतो, तर जुन्या भात्यांचा दाब किंचित सजीवपणे हलत असे. म्हणून काही ठिकाणी विजेबरोबर पायाने तुडवायचे भातेही पुन्हा बसवले गेले आहेत. ज्या हाल्बरश्टाटमध्ये कधी दहा माणसे भाते दाबत होती, त्याच गावच्या दुसऱ्या चर्चमध्ये २००१ पासून संगीतकार जॉन केज यांची एक रचना ६३९ वर्षे चालण्याच्या बेताने वाजवली जात आहे. विजेने अखंड मिळणाऱ्या वाऱ्याशिवाय तशी कल्पनाही शक्य नव्हती.

महाराष्ट्रात पाय-ऑर्गन आणि पेटी यांची दुरुस्ती मोठ्या पेढ्यांऐवजी मिस्त्रींच्या छोट्या दुकानांत होते. जुन्या पेट्यांत पॅरिसचे व जर्मनीचे सूर असत, कारागिरांच्या बोलीत जिभेलाच सूर म्हणतात. नंतर गुजरातमधील पालिताण्याचे सूर सर्वत्र गेले आणि मुंबईत १९२५ पासून हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या पेढ्यांनी वाद्यनिर्मितीचा जम बसवला. खर्ज, नर आणि मादी अशा ओळींतील सूर काढून साफ करणे, जिभेचे टोक किंचित खरवडले की स्वर चढतो व बुडाकडे खरवडले की उतरतो या नियमाने ते मिळवणे, भात्याच्या घड्यांचे कापड व चामडे बदलणे, पट्टीखालची गादी आणि कमान पाहणे, आणि शेवटी दिवा किंवा कागद धरून गळती शोधणे, असा हा क्रम असतो. खरवडलेली जीभ पुन्हा पूर्ववत होत नसल्याने चुकीच्या हाताने केलेली एक जुळवणीही जुन्या सुरांचे कायमचे नुकसान करते. पाय-ऑर्गनचे जतन त्याहून कठीण आहे, कारण त्याचा शोषण-भाता रबर लावलेल्या कापडाचा असतो, ते कापड वर्षांनी भेगाळते, परदेशी कारखाने बंद झाल्याने सुटे भाग मिळत नाहीत, आणि बहुधा भाता फाटला म्हणून संपूर्ण वाद्यच निकामी ठरवून कोपऱ्यात टाकले जाते. त्यातल्या पितळी जिभा मात्र शंभर वर्षांनंतरही अनेकदा सुस्थितीत असतात.

या दोन परंपरा शेजारी ठेवल्या म्हणजे जतनाविषयी एक निष्कर्ष काढता येतो. युरोपात ऑर्गनची नोंद संस्थेच्या दप्तरात राहिली, कारण वारा देणाऱ्यांची मजुरी, दुरुस्तीची बिले आणि नव्या मोटारींचा खर्च चर्च किंवा नगरपालिका भरत होती. म्हणून कोणत्या वर्षी कोणता भाता बदलला हे तेथे सांगता येते. मराठी मुलखात वारा वादकाच्या स्वतःच्या अंगातून आला, त्याला कोणी मजुरी दिली नाही, आणि म्हणून त्याची नोंदही झाली नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आता ऑर्गनचा नमुना-आवाज बटणावर देतो आणि त्याला भाताच लागत नाही. त्यात स्वर मिळतो, पण पावलाच्या किंवा तळहाताच्या दाबाने स्वर फुलवण्याची जी कला या वाद्यांनी घडवली, तिचे शिक्षण त्यातून होत नाही. वाशीम जिल्ह्यातील मंदिरे, भजनी मंडळे, शाळा आणि जुन्या नाट्यप्रेमी घराण्यांकडे असलेल्या पेट्यांची व ऑर्गनांची यादी करताना पेढीचे नाव आणि सुरांचे मूळ यांबरोबर भात्याची बांधणी, त्याच्या दुरुस्त्या आणि तो चालवण्याची पद्धत हीही टिपली, तर ती यादी या वाद्यांच्या इतिहासातले सर्वांत दुर्लक्षित अंग भरून काढील. आणि दुरुस्ती करताना आधी भाता वाचवावा व सूर शक्य तितके न खरवडता ठेवावेत हा साधा नियम पाळला, तर निकामी समजली जाणारी अनेक वाद्ये मोठ्या खर्चाशिवाय पुन्हा वाजू लागतील.